आतून मूठ नसलेली खोली

मी काचेची खोली. बोलतेय खरी, पण दार उघडं आहे तोवरच. एकदा ते लागलं की माझा बाहेरच्या जगाशी संबंध संपतो. तेव्हा बसा, आणि दारात एखादी खुर्ची अडकवून ठेवा.

माझा जन्म बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याचा. होसूर रोडवरच्या एका शेडमध्ये मल्लाप्पाने मला उभं केलं. ॲल्युमिनियमची चौकट, चारी बाजूंना जाड दुहेरी काच, वर छत, आणि प्रत्येक फटीत काळं रबर. मल्लाप्पा चिकोडीकडचा. गिऱ्हाइकाशी कन्नड बोलायचा आणि जोडीदाराशी मराठी. मला तो काम करता करता मराठीतच दम द्यायचा, "हल जरा इकडं, म्हशी!" म्हणून माझी पहिली भाषा मराठी. कन्नड मी नंतर उभ्या उभ्या शिकले.

माझी परीक्षाही त्याने त्याच्याच पद्धतीने घेतली. जोडीदाराला आत उभं केलं, दार लावलं आणि बाहेरून त्याला तोंडभर शिव्या दिल्या. जोडीदार आतून हसून मान डोलवत राहिला. मल्लाप्पा म्हणाला, "झाली. आता हिच्यातनं देव पण काय ऐकणार नाही." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आपलं कौतुक नेमकं कशाचं चाललंय, हे नव्या वस्तूला कळत नाही.

तिथून मला टेंपोत घालून देवनहळ्ळीकडे आणलं. पूर्वी द्राक्षाचे मळे होते तिथे आता पत्र्याचा मोठा स्टुडिओ आहे. आत दिवे, पायऱ्या, फुगे, आणि भाड्याने आणलेले प्रेक्षक. मला चार चाकं आहेत, पण जागेवर ठेवल्या दिवशी चारही चाकांचे ब्रेक पाय देऊन दाबले, ते आजतागायत.

इथे होतो तो कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. दुपारी जेवणं उरकून बायका जरा टेकतात त्या वेळी लागतो. 'मध्याह्नद जोडी'. दुपारची जोडी म्हणा.

खेळ सोपा आहे. एका घरातली दोन माणसं येतात. एक बाहेर निवेदिकेसमोर लाकडी स्टँडपाशी उभं राहतं, दुसरं माझ्या आत. आतल्याच्या कानांवर मोठे हेडफोन, त्यात बासरीची एकच धून. बाहेरच्याला सात प्रश्न विचारतात. नद्या, राजे, क्रिकेट, भाज्या, काहीही. प्रत्येक प्रश्नाला दोन वाटा. एक तर उत्तर स्वतः द्यायचं, नाहीतर "ओळगे" म्हणायचं. ओळगे म्हणजे आत. तसं म्हटलं की माझ्या छताला हिरवा दिवा लागतो, बासरी थांबते, प्रश्न आतल्याच्या कानात येतो आणि उत्तर त्याला द्यावं लागतं.

आता खरी मेख. स्वतः बरोबर उत्तर दिलं तर एक पायरी. आतल्याने दिलं तर दोन. पायऱ्या आहेत दहा आणि प्रश्न सात. म्हणजे एकटा माणूस कितीही हुशार असला तरी सातव्या पायरीच्या वर जात नाही. तिथे मिक्सर असतो. दहाव्या पायरीला स्कूटर, ती माझ्या दाराजवळच्या ओट्यावर उभी असते. ती हवी असेल तर निदान तीनदा आत विचारावंच लागतं. आणि एक जरी उत्तर चुकलं, कुणाचंही, तर सगळ्या पायऱ्या विझतात आणि दोघांनी भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी जायचं.

माझ्या दाराला आतून मूठ नाही. आत एक लाल बटण आहे. ते दाबलं की दार सुटतं, पण खेळही बुडतो. नाहीतर बाहेरचा खेळ संपेपर्यंत आत उभं राहायचं आणि काचेतून बघायचं. ऐकू काही येत नाही. आतल्या माणसालाही नाही आणि मलाही नाही. पायरीवरचा दिवा लागला की समजायचं, एक उत्तर बरोबर आलं.

दिवसाला पाच भाग उरकतात. प्रत्येक भागाच्या शेवटी निवेदिका भाग्यलक्ष्मी म्हणते, "उद्या पुन्हा भेटू." मग साडी बदलून येते, प्रेक्षकांच्या जागा इकडच्या तिकडे करतात, आणि पंधरा मिनिटांत उद्या उजाडतो. मला त्यातला एकही उद्या वेगळा वाटलेला नाही.

माझ्यात उभं राहिलं की माणसं स्वतःशी बोलतात. कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी बाहेरच्याला शिव्या घालतं. एक गृहस्थ बासरीने पेंगले आणि माझ्या काचेला नाक लावून घोरले. त्यांचा मुलगा बाहेर मिक्सर जिंकला. वडिलांना उठवून सांगावं लागलं.

पण एक गोष्ट मी पहिल्या महिन्यातच टिपली. बाहेर कोण आणि आत कोण, हे जोडीने ठरवायचं असतं. तरी सासरे-सून आले तर सून आत. नवरा-बायको आले तर बायको आत. आई-मुलगा आले तर आई हेडफोन मागत मागतच दाराशी येते. कुणी कुणाला ढकलत नाही. वाटच तशी पडलेली असते.

गेल्या हिवाळ्यात हंबीरराव आणि प्रमोदिनी आले. हंबीरराव निपाणीचे, सरकारी कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. प्रमोदिनी गडहिंग्लजची, लग्न होऊन बंगळुरात आलेली. राहायला जे. पी. नगर. तो दिवसाचा तिसरा भाग होता. दार उघडं होतं, म्हणून सगळं ऐकू येत होतं.

फ्लोअर सांभाळणारा सुशांत ठाण्याचा. मराठी माणसं बघून त्याची कळी खुलली.

"काकू, कुठे होता इतके दिवस? इथे सगळ्यांशी हिंदी बोलून बोलून माझं तोंड दुखतं. बाहेर कोण उभं राहणार?"

प्रमोदिनीने तोंड उघडलं. उत्तर हंबीररावांचं आलं.

"मीच. हिचं कन्नड स्वल्प कच्चं आहे."

"स्कूटर घेऊन जायचं हं काका."

"म्हणजे काय, त्याच्यासाठीच आलोय की! हिची हौस."

"चालवता येते का काकू?"

"मागे बसते," हंबीरराव म्हणाले.

मग ते मेकअपला गेले. प्रमोदिनी माझ्या दारात उभी होती. वरच्या दिव्याचा झोत तिच्या डोळ्यांवर येत होता. तिने मान वर करून दिवेवाल्याला हाक मारली, "अण्णा, आ लाइट स्वल्प आचे कडे माडी." दिवेवाल्याने मुकाट दिवा पलीकडे वळवला. मग शेजारी बसलेल्या प्रेक्षक बायकांशी तिचं सुरू झालं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं, यशवंतपूरच्या बाजारात लसूण कसा. सगळं कन्नडमध्ये, न अडखळता, वर विनोदही. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे जर कच्चं तर पिकलेलं कसं असेल?

त्या बायकांतल्या एकीने विचारलं, स्कूटर मिळाली तर कुठे जाणार? प्रमोदिनी म्हणाली, "कुठेही. कुठे ते महत्त्वाचं नाही गं. कधी निघायचं ते मी ठरवणार." त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर पुण्याची श्वेता म्हणून मुलगी राहते, तिच्या स्कूटरवर ती सकाळी गल्लीत शिकलीही होती. हंबीरराव तेव्हा पेपर वाचत असायचे.

मग दार लागलं.

पहिली पायरी उजळली. प्रमोदिनीने टाळ्या वाजवल्या. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी ती आधी टाळी वाजवायची आणि मग छताच्या दिव्याकडे बघायची. दिवा काळाच. बाहेर हंबीररावांचे ओठ हलत होते, भाग्यलक्ष्मी मान डोलवत होती, प्रेक्षक उठून दाद देत होते. खरंच हुशार माणूस. चौथी पायरीही त्यांनी एकट्याने घेतली.

"आता पाठवा," प्रमोदिनी म्हणाली. तिचं बोलणं माझ्याखेरीज कुणालाच ऐकू जात नव्हतं. "अहो, आता तिन्ही पाठवायला लागतील. चार आणि सहा, दहा. पाठवा."

तिने काचेवर बोटाची टकटक केली. हंबीररावांनी वळून बघितलं आणि अंगठा दाखवला. काळजी करू नकोस, मी आहे, अशा अर्थाचा.

पाचवी पायरी उजळली. एकच.

या वेळी टाळी वाजली नाही. खेळ अजून दोन प्रश्न चालायचा होता, पण गणित तिथेच संपलं होतं. "गेली," ती हळूच म्हणाली. तिचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा बसला आणि हंबीरराव त्यात पुसट झाले. तिचा अंगठा लाल बटणावर गेला. दाबलं असतं तर त्यांच्या पाचही पायऱ्या विझल्या असत्या. सहावी पायरी उजळली, सातवी उजळली, अंगठा तिथेच होता. तिने दाबलं नाही.

वरून सोनेरी कागद उधळले. सुशांतने माझं दार उघडलं. "काकू, चला! हसत हसत बाहेर!"

प्रमोदिनीने हेडफोन काढून खुंटीला अडकवला. साडीचा घोळ सावरला. आणि माझ्या फरशीवर मांडी घालून बसली.

"काकू? चक्कर आली का?"

"नाही."

"मग या ना. काका वेट करतायत."

"करू देत. मला प्रश्न आला नाही."

"अहो, काकांनी पाठवलाच नाही. सेव्हन आउट ऑफ सेव्हन! मिक्सर लागलाय तुम्हाला."

"मिक्सर आहे घरी."

"हा तीन भांड्यांचा आहे, काकू."

"आमचाही तीन भांड्यांचाच आहे."

सुशांतने डोकं खाजवलं. पुढची जोडी मेकअप करून तयार होती, घाम फुटायच्या आत त्यांना उभं करायचं होतं. तेवढ्यात हंबीरराव आले. केसांत सोनेरी कागद, चेहरा फुललेला.

"अगं, काय हे? लोक बघतायत."

"काचेची खोली आहे. बघायलाच बांधलीय."

"सातही बरोबर आले माझे. एक चुकला नाही!"

"तेच म्हणतेय मी. तुमचे सात. माझा एकही नाही."

"चान्स कशाला घ्यायचा म्हटलं. मला येत होतं की सगळं."

"तुम्हाला येतं ते मला ठाऊक आहे. पायऱ्या दहा आहेत, ते तुम्हाला ठाऊक होतं का?"

हंबीररावांनी मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं. खालच्या सात उजळलेल्या, वरच्या तीन अंधारात. ओठ पुटपुटत त्यांनी हिशेब केला. नियम त्यांनाही सांगितले होते. पण प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच त्या माणसाला येत होतं.

"तुझं कन्नड..." ते म्हणाले.

भाग्यलक्ष्मी साडीच्या निऱ्या धरत जवळ आली. "एनायितु अक्का? काय झालं?"

आणि मग प्रमोदिनी कन्नडमध्ये बोलली. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला इथलं अक्षर समजत नव्हतं, म्हणाली. हे म्हणाले, तू गप्प राहा, मी बोलतो. तेव्हा आधार वाटला. रिक्षावाल्याशी हे बोलले, दूधवाल्याशी हे, शाळेत बाईंशी हे. आता मला येतं. पण यांचं बोलणं थांबतच नाही. डॉक्टर मला विचारतात कुठे दुखतंय, तर हे सांगतात कुठे दुखतंय.

प्रेक्षकांतल्या बायका खदखदून हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या.

हंबीरराव तिच्याकडे बघतच राहिले. "हे कधी शिकलीस?"

"तुम्ही ड्यूटीवर असायचात तेव्हा."

"बोलली नाहीस कधी."

"कधी बोलू? मध्ये जागाच नसते."

सुशांत हळूच भाग्यलक्ष्मीला म्हणाला, "मॅडम, एक विचारून टाका ना. कॅमेरा ऑफ आहे." तिने राखीव कार्डांतलं एक काढलं.

"असं नाही," प्रमोदिनी उठून उभी राहिली. "दार लावा. दिवा लावा. नियमाने विचारा. आणि अहो, तुम्ही तिकडे लाकडी स्टँडपाशी जाऊन म्हणा काय म्हणायचं ते."

दार लागलं. तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. हंबीरराव स्टँडपाशी गेले. इतका वेळ सराईत बोललेला माणूस तिथे अवघडून उभा होता. मग त्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण छताचा हिरवा दिवा लागला.

बासरी थांबली. हेडफोनमध्ये भाग्यलक्ष्मीचा आवाज आला: जोगचा धबधबा कोणत्या नदीवर आहे?

काचेपलीकडे हंबीररावांचा चेहरा लगेच उजळला. त्यांना अर्थातच येत होतं. न राहवून ते ओठांनी नदीचं नाव दाखवू लागले. एकदा. मग आणखी मोठं तोंड करून.

प्रमोदिनीने त्यांच्याकडे पाठ केली.

माझ्या मागच्या काचेतून फक्त काळा पडदा दिसतो. त्या पडद्याकडे बघत ती विचार करत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. बोटं हलली. मी किती माणसं बघितली, प्रश्न आला की घाबरतात. ही घाबरली नव्हती. रविवारी दुपारी निवांत आमटी चाखून बघावी, तशी ती तो प्रश्न चाखत होती.

"काळी नदी," ती म्हणाली.

"तप्पु, अक्का," भाग्यलक्ष्मीचा आवाज आला. "चुकलं. शरावती."

दार उघडलं. हंबीरराव पुढे आले, सवयीने म्हणाले, "बघ, म्हणूनच मी पाठवत नव्हतो. सगळंच गेलं असतं."

"गेलं असतं," प्रमोदिनी म्हणाली. ती हसत होती. "पण मी घालवलं असतं. किती वर्षांनी काहीतरी माझं मी चुकले हो!"

आणि ती माझ्यातून बाहेर पडली.

हे तुम्ही टीव्हीवर बघितलेलं नाही. सुशांत म्हणाला, चॅनलला हसरी जोडी लागते. म्हणून तिला पुन्हा आत पाठवून पुन्हा बाहेर बोलावलं, सोनेरी कागद झाडूने गोळा करून पुन्हा उधळले. ती नीट हसत आली, मिक्सरला हात लावला, निघाली. घरोघरी दिसलं ते एवढंच. काचेच्या खोलीतून एक आनंदी बाई बाहेर आली.

पण त्यानंतरचं थोडं मी ऐकलं. मिक्सर खोक्यात भरेपर्यंत ती दोघं माझ्या दारापाशी, स्कूटरच्या ओट्याजवळ उभी होती. माझी श्वासाने धुरकटलेली काच कुणीतरी पुसत होतं, म्हणून दार उघडं राहिलं होतं. प्रमोदिनी स्कूटरच्या सीटवरून हात फिरवत होती.

"घेऊ आपण," हंबीरराव म्हणाले. "जमेल. निळी घेऊ. निळी मळत नाही, आणि रात्री पण..."

ते मध्येच थांबले. गिळल्यासारखं केलं. वाक्य तोंडात तयार होतं, ते आत ढकलायला किती कष्ट पडत होते, हे मला दिसत होतं.

"कुठल्या रंगाची हवी तुला?"

प्रमोदिनीने त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि पुढच्या जोडीतली सून हेडफोन सावरत माझ्यात शिरली, आणि सुशांतने दार लावलं.

मल्लाप्पाने मला फार चांगलं बांधलंय. एक अक्षर आत आलं नाही. काचेतून मला प्रमोदिनीचे ओठ दिसत होते, हलणारे. हंबीरराव मान खाली घालून ऐकत होते, मध्ये एकदाही त्यांचं तोंड हललं नाही. ती खूप वेळ बोलत होती. नुसता रंग सांगायला माणसाला इतका वेळ लागत नाही.

मग दिवे लागले आणि पुढचा उद्या सुरू झाला.

मी अजून इथेच आहे. चाकांचे ब्रेक गंजलेत, दाराचं रबर दोन ठिकाणी फुगलंय, पण आवाज अजून आत येत नाही. प्रेक्षक घटलेत म्हणतात, हा हंगाम शेवटचा म्हणतात. मग मला मोडतील, किंवा देवनहळ्ळीच्या नव्या प्लॉटांवर कुणी राखणदाराची चौकी म्हणून नेईल. त्याचं मला काही वाटत नाही. कुठेही नेलं तरी मी कुणाला तरी आत घेऊन उभीच राहणार.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. जे. पी. नगरात कधी गेलात आणि पन्नाशीची एक बाई एकटी स्कूटरवरून जाताना दिसली, तर हात करून थांबवा. विचारा, त्या दिवशी काय काय सांगितलंत म्हणून. ती सांगेल, बोलायला तिला आवडतं. मग इथे येऊन ते मला सांगा. फक्त येताना आधी दार उघडा, आणि मग बोला.